पाठीला पाठ लावलेली फ्रेम

दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादिकाबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी सवयीनं विचारलं, "साइज काय?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमेल तेवढं." ज्या ज्या गिऱ्हाइकांनी मला आजवर हे उत्तर दिलं त्यांनी नंतर फ्रेम परत आणली, त्यामुळे थोडी धाकधूक आहे. पण आता मी उम्म अल कुवैनला मुलाकडे राहतो, समोर खाडी आहे आणि हाताला काम नाही. म्हणून लिहितो.

मी परब, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. दुबईत रास अल खोरच्या गोदामांमध्ये माझं फ्रेमिंगचं वर्कशॉप होतं. डाव्या हाताला टायरवाला, उजव्या हाताला कांद्यांचं गोदाम. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक चित्राला सुरुवातीला कांद्याचा वास लागायचा, तो उडाला की मगच मी माल पोचवायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं परब वेळ घेतो म्हणजे बारकाईनं काम करतो. मी तो समज कधी मोडला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फ्रेम म्हणजे चार पट्ट्या. तसं नाही. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची एक मोकळी चौकट असते, तिला आम्ही माउंट म्हणतो. ती शोभेसाठी नसते, फोटो काचेला चिकटू नये म्हणून असते. मग काच, मागे बॅकिंग आणि कडेनं टेप. ऑगस्टमध्ये दुबईची हवा ओल्या टॉवेलसारखी होते. टेप नीट बसली नसेल तर त्या हवेत आतल्या माणसाच्या चेहऱ्याला सुरकुत्या पडतात, आणि नातेवाईक म्हणतात, फोटोत बाबा थकलेले वाटतात.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. शिडीवर चढून फ्रेम टांगणाऱ्याला ती सरळ आहे की नाही हे कळत नाही. त्याचं नाक भिंतीला लागलेलं असतं. खाली उभं राहून दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं, आणि तो सांगेल ते खरं मानावं लागतं. माझा सुतार करीमखान हे सांगायचं काम करायचा. तो पाकिस्तानातल्या गुजरात नावाच्या गावचा. "उस्ताद, थोडा बाएँ" आणि "बस, खलास" एवढ्या भाषेवर आमचं सगळं आयुष्य निघालं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एका अरब गृहस्थानं आपल्या मेलेल्या शिकारी ससाण्याचा पासपोर्ट फ्रेम करून घेतला. इथं ससाण्यांना पासपोर्ट असतात, ते मालकाबरोबर विमानानं शिकारीला जातात. करीमखाननं तो पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "उस्ताद, इसका वीज़ा जल्दी लगता होगा." त्याचा स्वतःचा पासपोर्ट त्या वेळी नूतनीकरणात अडकला होता.

आपल्या मराठी माणसांची कामं मुख्यतः दोन, मुलांच्या पदव्या आणि वडिलांचे फोटो. वडिलांच्या फोटोला वरच्या दोन कोपऱ्यांत हार अडकवायला हूक लागतात. हे हूक तोंडानं कुणी मागत नाही. काउंटरवर फोटो ठेवायचा, एकटा माणूस, छातीपर्यंत, गंभीर चेहरा, आणि म्हणायचं, "नेहमीसारखं." आपण समजून घ्यायचं. एकदा एक बाई नवऱ्याचा असाच फोटो देऊन "नेहमीसारखं" म्हणून गेल्या. मी हूक लावून ठेवले. फ्रेम न्यायला नवरा स्वतः आला. त्यानं हूक पाहिले आणि तिथेच उभं राहून बायकोला फोन लावला. तेव्हापासून मी मनात संकोच ठेवत नाही. फोटो हातात घेतला की सरळ विचारतो, "आहेत ना?"

वडिलांचा फोटो घेऊन आलेल्या शिरीष मोहित्यांनाही मी हेच विचारलं.

"आहेत, आहेत. नव्वदी क्रॉस केली, पण ठणठणीत," ते म्हणाले. शिरीषराव ऊद मेथाला राहायचे, एका माल वाहतुकीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. "परब, काम अर्जंट आहे. सव्वीस जानेवारीच्या प्रोग्रॅमला अप्पांचा सत्कार आहे. स्टेजवर चीफ गेस्टच्या हस्ते ही फ्रेम प्रेझेंट करायची. सेकंड वर्ल्ड वॉरमध्ये एअर गनर होते अप्पा, बर्मा फ्रंटला. बॉम्बर विमानात. मेडल आहे. लूक एकदम प्रोफेशनल पाहिजे."

पदक त्यांनी रुमालात गुंडाळून आणलं होतं. चांदीचं, एका बाजूला राजाचं डोकं, आणि पांढऱ्या-जांभळ्या तिरक्या रेघांची रिबन. फोटो मात्र मोबाइलवर टिपून स्टुडिओतून मोठा करून आणलेला होता. विमानाच्या पंखापुढे एक तरणाबांड माणूस उभा. मी फोटो उजेडात धरला. अप्पांच्या खांद्यावर एक हात होता. हाताच्या पुढे माणूस नव्हता.

"हा हात कुणाचा?" मी विचारलं.

"अरे, राहिला का तो?" शिरीषराव चष्मा वर करून बघू लागले. "पायलट होता अप्पांचा. नासिर म्हणून. फाळणीत तिकडे लाहोरला राहिला. स्टुडिओवाल्याला सांगितलं होतं काढ म्हणून. परब, सव्वीस जानेवारीचं स्टेज आहे, लोक विचारणार हा कोण, मग ते एक्स्प्लेन करत बसा. सत्कार अप्पांचा आहे, अप्पाच दिसले पाहिजेत."

त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. पण खांद्यावर सुटा हात घेऊन मी कुणाला स्टेजवर पाठवणार नव्हतो. म्हटलं, मूळ फोटो द्या, मी माझ्या माणसाकडून नीट करून घेतो.

मूळ फोटो घेऊन अप्पा स्वतः आले. त्यांची नात सई गाडी चालवत होती. "ही इन्सिस्टेड, अंकल," ती म्हणाली. "ही वोन्ट गिव्ह द फोटो टू एनीवन." अप्पा उंच, ताठ, काठी नावापुरती. मी स्टूल पुढे केलं. त्यांनी ते उचलून फिरवलं, दाराकडे तोंड केलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"रागावू नकोस," ते दाराला म्हणाले. "मला असंच बसून बोलायची सवय आहे."

मग मी एका पाठीशी बोलू लागलो.

"काय करायचं असतं हो गनरनं?" मी विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांना माझा धंदा समजावला, म्हटलं दुसऱ्याचाही ऐकावा.

"मागं बघायचं. आमच्या विमानात दोघंच. पुढं पायलट, मागं मी, पाठीला पाठ. तो जातोय कुठं ते मला दिसायचं नाही, आणि आपल्या मागावर कोण आहे ते त्याला. समोर बंदूक, डोक्यावर सरकती काच. ती काच मी उघडीच ठेवायचो. थंडीनं नाक गळायचं, पण काचेवर एक ठिपका असला की तो शत्रूचं विमान वाटतो. ठिपक्यावर गोळ्या झाडलेला गनर पाहिलाय मी."

"आणि बॉम्ब?"

"बॉम्ब त्याच्या हातात. विमान नाक खाली करून सरळ सूर मारायचं, बॉम्ब सोडायचा आणि वर उचलायचं. पण तो कुठं पडला हे पायलटला दिसतच नाही, त्याचं तोंड पुढं. मला दिसायचं. वर आलो की तो विचारायचा, 'मोहिते, लगा?' मी सांगायचो."

"नाही लागला तर?"

"तर नाही म्हणून सांगायचो. मग दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी जायचं, खालून तोफा वाट बघत असायच्या. लागला म्हणून सांगून मोकळं होता आलं असतं. पण खाली आपली पलटण चालत यायची असायची." "त्या माणसानं स्वतःचं काम कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. मी सांगेन ते त्यानं खरं मानलं."

करीमखान रंधा बाजूला ठेवून ऐकत होता. मला शिडी आठवली.

"किती विमानं पाडलीत अप्पा?" मी विचारलं. शिरीषरावांनी फ्रेमवर लिहायला तो आकडा मागितलाच असता.

"एक पडलं," अप्पा म्हणाले. "आमचं."

सई हसली. तिनं हे आधी ऐकलेलं असावं.

तोफेचा तुकडा लागून इंजिन बंद पडलं, नासिरनं विमान कसंबसं एका कोरड्या नदीच्या वाळूत पोटावर उतरवलं. अप्पा बाहेर पडले. नासिरचा पाय पुढच्या पत्र्यात अडकला होता आणि विमानानं पेट घेतला होता. "तो ओरडत होता, 'मोहिते, तू जा.' तो ऑफिसर, मी खालच्या हुद्द्याचा. जमिनीवर आमच्या जेवायच्या जागासुद्धा वेगळ्या. हुकूम मोडायचा तो पहिलाच प्रसंग." त्यांनी त्याला ओढून काढलं आणि पाठीवर घेऊन जंगलातून आपल्या माणसांपर्यंत आणलं. "हे बघायला तिथं तिसरं कुणी नव्हतं. त्यानं इस्पितळातून वरच्यांना लिहून दिलं, म्हणून पदक. नाहीतर कुणाला कळणार होतं? त्यानं काय केलं ते माझ्या शब्दावर, मी काय केलं ते त्याच्या."

"मग पुढे?"

"त्याचा एक पाय गेला. तो घरी गेला, मी दुसऱ्या तुकडीत. मग फाळणी झाली. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. बातमी नाही."

एवढं सांगून त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि मूळ फोटो मागे न बघताच माझ्याकडे धरला. फोटो मधोमध दुमडलेला होता. वर एक देखणा माणूस, कपाळावर चढवलेला गॉगल, एक हात लांब करून उभा. हात घडीपाशी संपत होता. मी फोटो उलटा केला. दुसऱ्या बाजूला अप्पा होते, आणि घडीतून आलेला तो हात त्यांच्या खांद्यावर होता.

"उघडू नकोस," अप्पा म्हणाले. "असाच बसवायचा. पाठीला पाठ. आम्ही असेच बसायचो."

दोन्ही बाजूंची फ्रेम हे आमच्या धंद्यातलं किचकट काम. तिला मागची बाजूच नसते, त्यामुळे चुका लपवायला जागा नसते. आणि अप्पांची यादी संपलेली नव्हती. माझ्या बाजूला काच नको, म्हणाले. मी हात जोडले. दुबईत काचेशिवाय फोटो ठेवणं म्हणजे धुळीला आमंत्रण. "असू दे धूळ," ते म्हणाले. "मला स्वच्छ दिसलं पाहिजे." मग म्हणाले, पदक नासिरच्या बाजूला लाव, ते त्यानं मिळवून दिलंय. मी सईकडे पाहिलं. तिच्या वडिलांना सगळं अप्पांच्या बाजूला हवं होतं.

"आय डिडन्ट हिअर एनीथिंग," सई म्हणाली आणि मोबाइल बघू लागली.

"आणि हूक मारू नकोस," उठता उठता अप्पा म्हणाले. "माझ्या बाजूला लागतील तेव्हा लागतील. त्याच्या बाजूला बातमी आल्याशिवाय नाही."

संध्याकाळी शिरीषरावांचा फोन. "परब, अप्पा म्हणतात दोन बाजूंची फ्रेम. ठीक आहे, त्यांचं मन राहील. स्टेजवर समोरची बाजू दिसेल ना?" मी म्हटलं, दिसेल. अशा फ्रेमला समोरची बाजू कोणती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ऑर्डर शिरीषरावांची होती, पदक अप्पांचं होतं. अशा वेळी गिऱ्हाईक कोण हे दुकानदारानं ठरवायचं असतं.

घडी न उघडता फोटोच्या दोन्ही बाजूंचे नवे मोठे प्रिंट काढले. हात एका बाजूच्या कडेला जिथं संपतो, बरोबर त्याच उंचीवर दुसऱ्या बाजूनं निघाला पाहिजे, यासाठी मी आणि करीमखाननं माउंट पुन्हा पुन्हा कापले. करीमखाननं नासिरकडे पाहून म्हटलं, "बंदा खूबसूरत है. लाहौर का पानी." त्या वर्षी सुट्टीवर गेल्यावर तो मुद्दाम लाहोरला जाऊन विचारून आला. परत येऊन म्हणाला, "उस्ताद, नासिर तो वहाँ हर गली में दो हैं." अप्पांना मी हे कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे बातमी नाहीच."

सत्काराच्या दिवशी कागदात गुंडाळलेली फ्रेम मी स्वतः हॉलवर नेली, कारण कांद्याचा वास आदल्या दिवसापर्यंत होता. मला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. लेझीम झालं, मुलांचा नाच झाला, मग अप्पांना स्टेजवर नेलं. चीफ गेस्टनी कागद फाडला. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी फ्रेम या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली, आणि कुणीही केलं असतं तेच केलं. ज्या बाजूला पदक चमकत होतं ती बाजू लोकांकडे केली.

निवेदिका म्हणाली, "हे आहेत आपले अप्पा, विशीतले!"

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "काय देखणे होते ग." पहिल्या रांगेत शिरीषराव अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. अप्पांच्या हातात माइक दिला. अप्पांनी फ्रेमकडे पाहिलं.

"मी ओळखतो याला," ते म्हणाले. "माणूस चांगला आहे."

हॉल हसून हसून कोसळला. मी हसलो नाही. लाहोरच्या त्या माणसाला सव्वीस जानेवारीला एवढे लोक उभे राहून मान देत होते, आणि हे अप्पा, शिरीषराव, सई आणि मी, एवढ्या चौघांनाच माहीत होतं. एकानं तरी बोलावं म्हणून मी वाट बघितली. कुणी बोललं नाही.

नंतर चहाच्या टेबलाजवळ एक ओळखीचे गृहस्थ फ्रेम निरखून शिरीषरावांना म्हणाले, "तू अगदी अप्पांवर गेलायस. कपाळ तर हुबेहूब." शिरीषराव नासिरच्या कपाळाकडे बघत म्हणाले, "हो, सगळे म्हणतात."

मी फ्रेम गाडीत ठेवायला गेलो तेव्हा बापलेक गाडीत बसले होते. "अप्पा, निदान माइकवर सांगायचं तरी," शिरीषराव म्हणत होते.

"काय सांगायचं? टाळ्या ज्याच्या त्याला पोचल्या," अप्पा म्हणाले. "तुला एक्स्प्लेन करावं लागलं का कुणाला?"

माझं बिल शिरीषरावांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन दिलं, आणि दाराशी थोडा वेळ रेंगाळून विचारलं, "परब, तुम्हाला अप्पांनी नदीचं सांगितलं? मला कधी नाही सांगितलं." मी म्हटलं, तुम्ही त्यांच्यासमोर बसत असाल. मागे बसून बघा.

ते बसले की नाही मला माहीत नाही. पण त्यांच्या घरी फ्रेम टांगायला गेलो तेव्हा जागा शिरीषरावांनीच निवडली होती, हॉल आणि बाल्कनी यांच्यामधल्या मोठ्या दाराच्या वर, छतापासून साखळीनं. नासिरचं तोंड हॉलकडे, अप्पांचं बाल्कनीकडे. आल्या-गेल्या पाहुण्याला आधी नासिर दिसायचा, आणि शिरीषरावांना सगळं एक्स्प्लेन करत बसावं लागायचं. सई मऊ ब्रशनं अप्पांच्या बाजूची धूळ काढायची.

अप्पा त्याच उन्हाळ्यात गेले, झोपेत. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला त्यांना अजून पुष्कळ विचारायचं होतं, ते राहून गेलं. मी हळहळलो, अजूनही हळहळतो. तेराव्याच्या आदल्या दिवशी शिरीषरावांचा फोन आला. "परब, हूक लावायला याल?"

करीमखान त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता, म्हणून मी एकटाच गेलो. सईनं शिडी आणून दिली. टेबलावर चंदनाचा हार होता. एकच. मला वाटलं, दुसरा यायचा असेल; अप्पांची अट मी विसरलो होतो. शिडीवर चढण्याआधी मी विचारलं, "दोन्ही बाजूंना ना? नाहीतर ते वाईट दिसेल, एकाला हार आणि एकाला नाही."

"एकाच बाजूला," शिरीषराव म्हणाले. "नासिरसाहेबांच्या बाजूला नको. त्यांची बातमी नाही आली."

मी बाल्कनीच्या बाजूनं शिडी लावली, दोन हूक बसवले आणि हार चढवला. हार त्या खांद्यावरच्या हाताला टेकला. वजनानं फ्रेम जराशी फिरली असावी असं वाटलं, पण वरून कळेना. खाली करीमखान नव्हता.

"सरळ आहे का?" मी विचारलं.

शिरीषराव बाल्कनीतून बघून आले. मग आत जाऊन हॉलच्या टोकाला उभे राहिले आणि नासिरच्या बाजूनंही बराच वेळ बघत राहिले. एका बाजूनं सरळ असली की दुसऱ्या बाजूनं असतेच, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"सरळ आहे," ते म्हणाले. "दोघंही."

मी ते खरं मानलं आणि खाली उतरलो.